बुक्क्याच्या गळ्यातली माळ

उंडेवाडीत माळकऱ्यावर कुणी हात उचलत नाही. भांडण कितीही पेटलेलं असो, बांधावर बाह्या सरसावून माणसं उभी असोत, समोरच्याच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली की माणूस दातओठ खातो, जिभेवरची शिवी गिळतो आणि हात खाली घेतो. पंगतीत माळकऱ्याला आधी पान, भजनात पुढची जागा, आणि भांडणात माफी. ही गावाची रीत. निकिता नववीत होती, पण ही रीत तिला पाढ्यांच्याही आधी पाठ झालेली. कारण तिचे आजोबा बब्रुवान अण्णा सप्ताहाचे विणेकरी होते आणि ती त्यांच्या मांडीवर हरिपाठ ऐकत वाढली होती.

तर अशा या निकितानं दत्तजयंतीच्या सप्ताहात, भर दुपारी, शाळेच्या पाण्याच्या टाकीमागं बसून स्वतःच्या गळ्यातली माळ काढली आणि बुक्क्याच्या गळ्यात घातली.

बुक्क्या म्हणजे शाळेतलं कुत्रं. अंगानं पांढरा, आणि कपाळावर मधोमध काळा ठिपका. देवळातून निघताना कुणीतरी बोटानं बुक्का लावून पाठवलं असावं, असा. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण त्या कपाळाला दुसरं नाव शोभलंच नसतं.

"आता कोण दगड मारतंय बघू त्याला," निकिता म्हणाली.

शिवानी शेजारी बसून बघत होती. ही तिची जिवाभावाची मैत्रीण, लिंगायताघरची. तिनं आपल्या गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीवर आपसूक हात ठेवला. "आमच्यात गळ्यातलं असं काढून द्यायचं नसतंय बाई. तुमच्यात चालतंय का?"

"चालतंय," निकिता म्हणाली. ती खोटं बोलली नव्हती. तिनं विचारच केला नव्हता.

"आन् खायचं-प्यायचं? माळकऱ्याला पथ्य असतंय की."

"शाळेच्या खिचडीवर वाढलाय तो. जन्मात मटणाचं तोंड बघितलं न्हाय. आपल्या गावातल्या निम्म्या माळकऱ्यांपेक्षा पक्का हाय."

दोघी खदाखदा हसल्या. बुक्क्यानं शेपूट हलवली. पांढऱ्या केसांत माळ बुडून गेली. जवळून बघणाऱ्यालाच दिसावी एवढी.

आता दगडाचं प्रकरण काय होतं, ते सांगायला हवं. आणि ते सांगायचं तर आधी करिश्माचं सांगायला हवं.

करिश्मा पाचवीतली. तिचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जात. आजवर तीही त्यांच्याबरोबर जायची. कधी या कारखान्याच्या फडावर, कधी त्या. शाळा कुठं अर्धी, कुठं पाव. यंदा आईनं मन घट्ट केलं आणि पोरीला गावातच, शाळेच्या हंगामी वसतिगृहात ठेवलं. वय बघून पाचवीत घातली खरी, पण वाचन दुसरीचंही धड येत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात वर्गात उभी राहिली, जोडाक्षराला अडखळली, मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं, आणि करिश्मानं तोंड मिटलं ते मिटलंच. मारून नाही, गोंजारून नाही. नववीच्या मुली शनिवारी लहानांचं वाचन घेत, तेव्हा निकितानं नाना परीनं करून बघितलं. पोरगी पुस्तकाकडं बघायची, ओठ घट्ट.

मग एके दिवशी टाकीमागून आवाज आला. निकितानं डोकावून बघितलं. करिश्मा मांडीवर पुस्तक घेऊन बसलेली, समोर बुक्क्या पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडलेला, आणि पोरगी वाचत होती. अक्षराला अक्षर लावत, चुकत, मागं येत, पुन्हा धरत. "को-ल्हा. कोल्हा. बुक्क्या, कोल्हा म्हणजे तुझाच चुलता बघ." आपण चुकलो की माणसाच्या कपाळाला आठी पडते. बुक्क्याच्या कपाळावर ठिपका होता, आठी नव्हती. पोरीला तेवढंच पाहिजे होतं.

निकितानं मोबाइलवर कधीतरी बघितलेलं होतं की मोठाल्या शहरांतल्या काही शाळांत यासाठीच कुत्री ठेवतात. ती आणि शिवानी मुख्याध्यापक महारुद्र सरांकडं गेल्या.

"अगं, तिकडची कुत्री शिकवून तयार केलेली असतात," सर म्हणाले. "आपलं?"

"आपलं आधीच शांत हाय, सर. सप्ताहात भोंग्याखाली झोपतंय."

सर हसले, आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचा अर्धा तास त्यांनी दिला. वाचनालयाच्या कोपऱ्यात गोणपाट टाकलं. बघता बघता करिश्माच्या पाठीमागं रांग लागली. फळ्यावर रोज काहीतरी उमटू लागलं: मुक्या जनावराला दगड मारू नका, उन्हाळ्यात दारात पाणी ठेवा, जखमी वासरू दिसलं तर कुणाला कळवायचं. दोघींचा एक गटच उभा राहिला. सगळं चांगलं चाललं होतं.

तेवढ्यात वरून आदेश आला. शाळेच्या आवारात मोकाट कुत्री दिसता कामा नयेत. आदेश काही उगाच नव्हता. पलीकडच्या गावात टोळक्यानं फिरणाऱ्या कुत्र्यांनी एका पोराच्या पिंढरीचा लचका तोडला होता. शाळेची समिती बसली. समितीत बब्रुवान अण्णांच्या शब्दाला वजन. ठरलं असं, की सप्ताह उठला की दुसऱ्या दिवशी बुक्क्याला टेम्पोत घालायचं आणि तुळजापूरच्या घाटात नेऊन सोडायचं. ठराव झाल्याचं गावभर झालं, आणि एकदा जीव नकोसा ठरला की त्याला दगड मारायला कुणाची परवानगी लागत नाही. दुसऱ्याच दिवशी बुक्क्या मागच्या पायानं लंगडत आला.

करिश्मानं ते बघितलं. रडली नाही. पुस्तक मिटून निकिताच्या हातात दिलं.

"ताई, बुक्क्या गेल्यावर म्या बी जाते. वसतिगृहाच्या बाईंच्या फोनवरनं मामाला सांगितलंय. गोरोबामामा सप्ताह झाला की राशन घेऊन फडावर निघणार हाय. त्याच्याच गाडीत."

"अगं, आन् शाळा?"

"तिथं कोण हसत न्हाय," करिश्मा म्हणाली.

ऊसतोडीला गेलेली पोर एकदा हातात कोयता धरायच्या वयाला पोचली की परत बाकावर येत नाही, हे निकिताला ठाऊक होतं. कुत्रं राहिलं तर पोरगी राहील. कुत्रं गेलं तर पोरगी गेली. म्हणून तिनं माळ काढली होती.

माळ घातली त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोषण आहारात अंडी होती.

खिचडी शिजवणाऱ्या गजराबाईंचा बुक्क्यावर जीव. रोज चुलीपाशी त्याचा वाटा ठरलेला. त्या दिवशी एक अंडं फुटलं, ते त्यांनी थंड करून त्याच्यापुढं टाकलं. बुक्क्यानं ते दोन घासांत संपवलं आणि खाता खाता मान वर केली. सातवीतलं एक कार्टं मोबाइल घेऊन उभंच होतं. फोटोत सगळं लख्ख आलं: तोंडात अंड्याचं पांढरं, आणि गळ्यात तुळशीची माळ.

शाळा सुटायच्या आत फोटो गावाच्या ग्रुपवर. खाली एकेकाचं सुरू. कुणी लिहिलं, नवीन माळकऱ्याचं अभिनंदन. कुणी लिहिलं, भर सप्ताहात ही विटंबना कुणाची? कुणी लिहिलं, कुत्रं आजच्या आज उचला. माळ कुणाची हे शोधायला वेळ लागला नाही. गावातल्या माळकऱ्यांत कालपासून एकच गळा उघडा होता.

पण या सगळ्यांपेक्षा गजराबाईंचं बघवत नव्हतं. त्या चुलीपाशी भुईवर बसल्या, पदर तोंडाला लावला. "अगं माझ्या हातानं गं! जन्मभर एकादशी मोडली न्हाय म्या, आन् माळकऱ्याला अंडं घातलं! निकिते, तुझं काय वाकडं केलं होतं गं म्या?"

"मावशी, तो कुत्रा हाय—"

"माळ ती माळच! तू घातलीस ना? का खेळातली होती?"

तिनं बुक्क्याच्या गळ्यातली माळ सोडवली, धुतली आणि मुठीत धरली. परत घालायची हिंमत झाली नाही.

आता अण्णांना तोंड दाखवायचं होतं. त्यासाठी तिनं वेळ निवडली ती त्यांच्या पहाऱ्याची.

ज्यांनी सप्ताह बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. पहिल्या दिवशी वीणा गळ्यात घेतली की काल्यापर्यंत ती भुईला टेकवायची नाही. रात्रंदिवस कुणीतरी ती घेऊन उभं असतं, फेऱ्या घालतं, तार छेडतं, नाम घेतं. एकाचा पहारा संपला की दुसऱ्याच्या गळ्यात. आणि वीणा गळ्यात असेपर्यंत विणेकऱ्यानं रागवायचं नाही, वावगा शब्द काढायचा नाही. दुपारचा पहारा अण्णांचा, आणि कीर्तनातली वीणाही त्यांच्याच गळ्यात. मांडव तेव्हा रिकामा असतो. पंगत उठलेली, बाया भांडी घासायला गेलेल्या, पखवाज खोळीत झोपलेला. पोरगी हुशार. अण्णांना ओरडता येणार नाही अशी हीच एक घडी, हे तिनं बरोबर हेरलं होतं.

शिवानी मांडवाच्या कडेला बुक्क्याला ओढणीनं बांधून बसली. निकिता आत गेली.

"अण्णा."

"राम कृष्ण हरी." तार वाजली. हा 'हरी' जरा आखूड होता.

"माझं चुकलं."

"राम कृष्ण हरी." हा लांब.

अण्णा फेरी घालत होते. निकिता त्यांच्या बाजूनं चालू लागली. एक फेरी झाली, दुसरी झाली. शेवटी तिला राहवेना. "पण अण्णा, दत्ताच्या पायाशी बी चार कुत्री असतेतच की."

अण्णा थांबले. "ते चार वेद हायेत, असं जाणती माणसं सांगतेत. आन् वेद शाळेमागं अंडी खात न्हाईत."

शिवानी तिकडं ओढणीत तोंड खुपसून हसली. निकितालाही हसू फुटणार होतं, पण अण्णांच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि हसू जागच्या जागी विरलं.

"पोरी," अण्णा म्हणाले, आवाज अगदी खालच्या पट्टीत, "कुत्र्याच्या गळ्यात माळ गेली याचं मला दुःख न्हाय. ज्यानं त्याच्या कपाळाला बुक्का लावून धाडलंय तो बघंल त्याचं. तुझ्या गळ्यातनं उतरली, त्याचं हाय. विचारायचं तरी होतंस."

"तुमी न्हाय म्हणला असता."

"म्हणलो असतोच की." तार छेडली. "बरं, मला न्हाय विचारलंस. त्याला विचारलंस का?" त्यांनी हनुवटीनं बुक्क्याकडं दाखवलं. "तू माळ घेतलीस तवा महाराजांपुढं हट्टानं उभी राहून घेतलीस. पथ्य कबूल केलंस. त्या बिचाऱ्याला कशाला व्रतात अडकवलंस? त्यानं अंडं खाल्लं, तो त्याचा धर्म. मोडला तो तुझा."

निकिता तिथंच खांबाला धरून उभी राहिली. असं तिच्या मनातच आलं नव्हतं. मुक्या जनावरांच्या बाजूनं रोज फळा रंगवणारी ती, आणि तिनंच मुक्याला न विचारता त्याच्या गळ्यात ओझं घातलं होतं.

"मग करू काय, अण्णा? दगड मारतेत त्याला. आन् तो गेला की करिश्मा जाणार." मग तिनं सगळं सांगितलं. वर्गातलं फिसकन हसणं, टाकीमागचं वाचन, मामाची गाडी.

अण्णांना हे ठाऊक नव्हतं. पोरांचा खेळ चाललाय, एवढंच त्यांना वाटलेलं. "वाचतीया? कुत्र्यापुढं?"

"माणसापुढं तोंड उघडत न्हाय."

"आन् ते ऐकतंय?"

"कान हलवतंय."

"कीर्तनाला बसलेली निम्मी मंडळी तेवढं बी करत न्हाईत," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा चालू लागले. एक फेरी पुरी केली. मग म्हणाले, "ज्या पोराला तिकडं चावलं, त्याच्या आईला जाऊन काय सांगशील? आमच्या कुत्र्याला बुक्का हाय म्हणून? ही वीणा बघ. आठवडाभर खाली टेकत न्हाय, ती काय माझ्या एकट्याच्या भक्तीवर? माझे पाय आत्ताच बोलायला लागलेत. पहाऱ्याला माणसं नेमलेली हायेत, म्हणून टेकत न्हाय. ज्याच्यामागं माणूस उभं न्हाय, ते मोकाट. त्याच्यामागं माणसं उभी कर. उद्या हरिपाठ झाल्यावर, कीर्तनाआधी सूचना असतेत, तवा तुझी बी सूचना दे. मी मधी बोलणार न्हाय."

"का, अण्णा?"

"ठरावावर माझा अंगठा नसंल, पण सही हाय. आन् नातीसाठी फिरवला म्हणतील." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले. "राम कृष्ण हरी." हा मात्र सरळ होता, रोजच्यासारखा.

दुसऱ्या दिवशी शिवानीच्या वडिलांच्या रिक्षातून बुक्क्या लोहाऱ्याला जनावरांच्या दवाखान्यात गेला. सोबत निकिता, शिवानी आणि हट्ट धरून आलेली करिश्मा. सुई बघून बुक्क्या थरथरायला लागला. करिश्मानं त्याची मान कुशीत घेतली आणि भिंतीवर जे दिसलं ते वाचायला सुरुवात केली. दिसला तो म्हशींच्या रोगाचा तक्ता. "ला-ळ्या खु-र-कू-त. बुक्क्या, ऐक. जना-व-रा-च्या तोंडात फोड येतात..." डॉक्टरांनी लस टोचली तेव्हा ती लक्षणांवरून उपायांवर आली होती. टेबलाभोवती आणखी माणसं उभी होती. तिला त्याचं भानच नव्हतं. निकितानं शिवानीला कोपरानं ढोसलं, पण दोघी काही बोलल्या नाहीत. बोललं असतं तर तोंड मिटलं असतं.

"पिसाळण्याची लस दिली," डॉक्टर म्हणाले. "दरवर्षी द्यायची. जात गरीब दिसती, पण दिवसभर पोरं अंगावर लोटू नका त्याच्या. उठून गेला तर जाऊ द्यायचं. मालकाचं नाव?"

तिघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

"नाव उद्या सांगतो," शिवानी म्हणाली.

संध्याकाळी मांडव भरला. हरिपाठ संपला, टाळ शांत झाले. सप्ताहातली ही घडी मोठी गोड असते. हवेत अबीर-बुक्क्याचा वास, कीर्तनकार महाराज फेटा नीट करत असतात, पखवाजाला कणीक थापली जाते, आणि तेवढ्यात सूचना होतात: उद्याची पंगत कुणाची, वाढायला कोण, चप्पल कुणाची हरवली. त्या संपल्या तेव्हा निकिता माईकपुढं उभी राहिली.

"आला का गं अंडं खाणारा माळकरी?" मागून कुणीतरी ओरडलं. मांडवभर हशा पिकला.

"तो न्हाय आला. म्या आले," निकिता म्हणाली. "माळ मी घातली. त्याला न विचारता, मोठ्यांना न विचारता. चूक त्याची न्हाय, माझी हाय. आन् गजरामावशींना ठाऊक नव्हतं. त्यांच्याकडं काही दोष न्हाय. सगळ्यांपुढं पाया पडून सांगते." आणि ती खरंच माईक सोडून बायांच्या बाजूला गेली, गजराबाईंच्या पायाला हात लावला आणि परत आली. हशा थांबला.

मग तिनं मागणं मांडलं. बुक्क्याला लस टोचली आहे. गळ्यात माळ नाही, पट्टा असेल. तो आवारात मोकळा फिरणार नाही. जसा विणेला पहारा तसा त्याला पहारा, शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत नववीतलं कुणीतरी दोरी धरून असणार. सकाळी कोण, दुपारी कोण, सगळं ठरलेलं आहे. वाचायला एका वेळी एकच पोर. तो कंटाळून उठला तर वाचन बंद.

"आन् चावला तर?" एक बाप उठला. "माझं पोरगं तिसरीत हाय. तवा पहारेकरी काय करणार, अभंग म्हणणार?"

"ज्याला नको, त्याच्या पोराजवळ त्याला न्यायचं न्हाय, काका. लेखी द्या, आमी दारातबी आणणार न्हाय."

तो बाप पुटपुटत बसला. पटलं असं नाही, पण बसला.

"सर, आदेशाचं काय?" कुणीतरी महारुद्र सरांना विचारलं.

सर उठले. "आदेशात मोकाट म्हटलंय. पाळीव असेल, लस असेल, दोरी असेल, तर वरिष्ठांना विचारून तासापुरता ठेवायचा प्रयत्न मी करीन. हमी देत नाही. पण रात्री ते शाळेत राहणार नाही. मालक दाखवा. गावातल्या एका जाणत्या माणसानं म्हणायला पाहिजे, कुत्रं माझं, काही झालं तर मी उत्तर देईन."

उंडेवाडीत कुत्र्याला भाकर प्रत्येकजण टाकतो, पण कुत्रं माझं असं कुणी म्हणत नाही. निकितानं अण्णांकडं बघितलं. अण्णा महाराजांच्या मागं वीणा घेऊन उभे. डोळे मिटलेले, बोटं तारेवर. तिनं शिवानीच्या वडिलांकडं बघितलं. ते बायकोकडं बघत होते, आणि बायको नाही म्हणून मान हलवत होती. सर बसायला लागले. खाली पोरांच्या घोळक्यात करिश्मानं गुडघ्यांत डोकं घातलं.

"लिहा माझं नाव."

बायांच्या बाजूनं आवाज आला. गजराबाई पदर खोचत उठल्या होत्या.

"बाई, तुम्ही?" सरांना खरंच वाटेना.

"मग कोण? माझ्या चुलीपाशी लोळतंय रोज. भाकर म्या घालते, आन् टेम्पोत घालायचं ठरवताना मला कुणी विचारलं का? माझ्या दारात बांधते, सकाळी माझ्याबरोबर शाळेत येईल, माझ्याबरोबर घरी. चावला तर माझ्या दारी या. पण आत्ताच सांगते," त्यांनी बोट नाचवलं, "त्याला अंडं मी घालणार. परत कुणी त्याला माळबीळ घातली, तर त्याच्या तंगड्या मोडीन. कुत्र्याच्या न्हाय, घालणाऱ्याच्या!"

हसण्याचा असा कल्लोळ उठला की महाराजांनाही फेटा सावरावा लागला. कुणीतरी जयघोष केला, पखवाजावर थाप पडली, आणि ठराव बदलल्याचं कुणी न सांगताच तो बदलला. त्या रात्रीचं कीर्तन काय रंगलं म्हणता! महाराजांनी कुत्र्याचा एक शब्द काढला नाही. नामाचा महिमाच सांगितला. पण चाल लागली तेव्हा टाळकऱ्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि विणेमागून अण्णांचा आवाज असा चढला, की म्हातारी माणसं वळून बघू लागली.

काल्याच्या दिवशी महाराजांनी निकिताला पुन्हा माळ घातली. "आता विचारून," एवढंच म्हणाले.

पण अजून मामाची गाडी यायची होती.

काला झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर पिकअप शाळेच्या फाटकाशी उभी राहिली. मागं ज्वारीची पोती, तेलाचे डबे, ताडपत्री. गोरोबा खाली उतरला. उन्हानं रापलेला, बोलायला साधा माणूस. बहिणीच्या पोरीला न्यायचं, हा निरोप होता; तो न्यायला आला होता.

निकिता त्याला वाचनालयात घेऊन गेली. वाटेत तिनं काहीच समजावलं नाही. समजावायचे शब्द तिनं रात्री जुळवले होते, पण आता ते आठवेनात.

कोपऱ्यात गोणपाटावर करिश्मा बसलेली. शिवानीच्या हातात दोरी. बुक्क्या पाय पसरून पडलेला, एक कान उभा. पोरगी हरवलेल्या करडाची गोष्ट वाचत होती. करडू ओढ्यापर्यंत पोचलं होतं आणि पाणी वाढत होतं. भोवती आणखी दोनतीन पोरं आपली पाळी यायची वाट बघत बसलेली. त्यांतला एक मागच्या बाकावरचा, पूर्वी हसलेला. आत्ता तोही तोंड उघडं टाकून ऐकत होता.

"करिश्मे, चल गं. उन्हं उतरायच्या आत टोळी गाठायची हाय."

करिश्मानं मान वर केली. मामाला बघितलं. बुक्क्याला बघितलं. बोट अक्षरावर तसंच दाबून धरलेलं.

"थांब मामा. करडू पाण्यात हाय."

गोरोबा दारात टेकला. करिश्मा पुढं वाचू लागली. जोडाक्षर आलं, अडखळली, मागं आली, पुन्हा धरलं. करडू ओंडक्यावर चढलं. मग पान उलटलं, आणि पुढच्या पानावर भलतंच संकट. गोरोबा उंबऱ्यावर खाली बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली. बुक्क्यानं मोठी जांभई दिली, कूस बदलली आणि पाठ करिश्माच्या पायाला लावून पडला.

"लई मोठी हाय का गं गोष्ट?" थोड्या वेळानं मामानं विचारलं.

"व्हय. आन् ही झाली की दुसरी हाय. वाघाची. तीबी त्याला ठाऊक न्हाय."

"मग?"

करिश्मानं जरा विचार केला. एवढी माणसं बघत होती, तरी ओठ मिटले नाहीत. "आईला सांग, म्या फड संपल्यावर भेटते. याला अर्धी गोष्ट सांगून कसं येऊ? हे रातभर काय समजंल, करडू बुडालं म्हणून?"

गोरोबा उठला. टोपी झटकली, डोक्यावर घातली. भाचीच्या डोक्यावर हात ठेवावा म्हणून वाकला, पण मध्ये बुक्क्या होता, म्हणून आधी त्याच्याच डोक्यावर ठेवला.

"मला तर सांग," तो म्हणाला. "तुझ्या आईला सांगायला. करडू वाचतंय का?"

"पुढं वाचल्यावर कळंल," करिश्मा म्हणाली, आणि तिचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं.